गरभारणीचं ताट

पोटुशी बाईला एकटीला जेवू द्यायचं नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा होता. सातवा महिना लागला की गल्लीतल्या घरांचे वार ठरायचे. सोमवारी कोपऱ्यावरच्या घरी, गुरुवारी पाण्याच्या टाकीजवळच्या काकूंकडं, पुढच्या आठवड्यात आणखी कुणाकडं. त्या दुपारी हिरवी साडी नेसायची, सासूला बरोबर घ्यायचं, पाटावर बसायचं आणि समोर येईल ते खायचं. नको म्हणायचं नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ताटात एक शीतसुद्धा टाकायचं नाही. गरभारणीनं ताट उष्टं टाकलं तर पोटातल्या लेकराचं वाईट होतं, असं म्हणायचे. कोण म्हणायचं ते विचारू नका. सगळेच म्हणायचे.

आता मी जालन्यात राहते. परवा समोरच्या दारातल्या सुनेला सातवा लागल्याचं मला तिच्या मोबाइलवरच्या फोटोवरून कळलं. फुगे लावलेले, केक कापलेला. मी म्हटलं, अगं, एक दिवस जेवायला ये. तर म्हणाली, "नको काकू, डाएटवर आहे." इतकं सरळ! मला राग नाही आला, हसूच आलं. हे एवढं वाक्य बोलायला मला आणि माझ्या सासूला काय काय करावं लागलं होतं, ते त्या पोरीला सांगत बसले असते तर तिचं दूध उतू गेलं असतं.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. चहूकडं ऊस आणि कापूस. पहिल्या खेपेला मी बावीस वर्षांची होते. खायला कुणी बोलावलं की मला काही वाटायचं नाही, उलट मी वाटच बघायची. पुरणपोळीवर तुपाची धार, येसर आमटी, शेवयांची खीर, आणि गल्लीच्या टोकाला बांगड्या भरणारी खाला राहायची, तिच्याकडचा जर्दा, म्हणजे केशरी गोड भात. नऊ घरं जेवले मी त्या वेळी. पोट असं वाढलं की बायका हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "लेकरू न्हाई बाई, पैलवान येऊन राह्यला." मी फुगून जायची. तहान इतकी लागायची की उशाशी ठेवलेला तांब्या सकाळपर्यंत दोनदा भरावा लागायचा. उन्हाळा होता, मी म्हटलं उन्हानं असेल.

दवाखान्यात मी दोनदाच गेले. दुसऱ्यांदा रक्त द्यायला थांबवलं होतं, पण बाहेर जीपवाला हॉर्न मारत होता, माणसं भरली होती, ती जीप गेली तर पुढची कधी मिळेल त्याचा भरवसा नव्हता. मी रक्त न देता जीपमध्ये जाऊन बसले. ही चूक माझी. कुणी काही म्हणो, मी ती कुणाच्या माथी मारत नाही.

दिवस भरले आणि एका सकाळी लेकरू हलेना. जालन्याला नेलं. मुलगा झाला, चार किलोच्या वर भरला. एवढं देखणं, गुबगुबीत लेकरू मी आजवर बघितलं नाही. पण ते रडलं नाही.

गल्लीत सगळ्या म्हणाल्या, दृष्ट लागली. एवढं थोर लेकरू, लागणारच. माझी सासू काहीच म्हणाली नाही. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. एरवी आत्याबाईंचं तोंड म्हणजे चालू पिठाची गिरणी, पण त्या वेळी त्यांनी चुलीपुढं बसून नुसत्या भाकरी थापल्या. महिनाभर मला जागेवर ताट दिलं आणि मी जेवून होईपर्यंत समोर बसून राहिल्या. मला तेव्हा वाटायचं, बाई पहारा देतेय की काय.

त्यानंतर चार वर्षं काही नाही. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. मग पुन्हा दिवस राहिले, आणि या खेपेला मी ठरवलं, जीपवाला मेला तरी चालेल, रक्त दिल्याशिवाय हलायचं नाही.

जालन्यातल्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. पहिल्या लेकराचं वजन ऐकलं आणि लगेच साखर तपासली. तेव्हा ठीक निघाली. सहाव्या महिन्यात पुन्हा बोलावलं. ग्लुकोजची पुडी पेलाभर पाण्यात कालवून प्यायची आणि दोन तास बाकावर बसून राहायचं. आत्याबाई शेजारी बसून म्हणत होत्या, "हे काय बाई, दवाखान्यात सरबत पाजत्यात!" मला मळमळत होतं. एकशे चाळीसच्या आत पाहिजे होती, आली एकशे शहाऐंशी.

डॉक्टरीणबाईंनी माझी मान बघितली. माझी मान लहानपणापासून काळी, मागून वळकटीसारखा पट्टा. आईनं वजरीनं घासून घासून रक्त काढलं होतं तिचं.

"ही कधीपासून अशी?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी आत्याबाई बोलल्या, "मळ हाय तो म्याडम. मी सांगून दमले, घासत न्हाई ही."

"मळ नाही तो. घासून जायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी आत्याबाईंकडं नीट बघितलं. "तुमचीपण तशीच आहे. तुम्हीही रक्त देऊन जा."

आत्याबाईंनी पदर मानेवर ओढला. "मला काय झालंय? धडधाकट हाय मी." आणि दिलं नाहीच.

मग डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. शरीरात इन्सुलिन असतं, ते रक्तातली साखर अंगात पोचवतं. काही बायकांचं अंग मुळातच त्याला नीट जुमानत नाही. काळी मान, लांबणारी पाळी, ही त्याचीच लक्षणं. त्यात दिवस गेले की वारेतून असे रस सुटतात की ते आणखी जुमानेनासं होतं. मी शेतकऱ्याची पोरगी, मला ते पाटाच्या पाण्यासारखं कळलं. कालवा काठोकाठ वाहतोय, पण शेताकडची दारं गंजलीत. रान कोरडं आणि रस्त्यावर चिखल. आईची ही जास्तीची साखर नाळेतून लेकराकडं जाते, लेकरू ती चरबी करून साठवतं. दिसायला थोर होतं, आतून दमतं.

"म्हणजे माझं पहिलं..." मी म्हटलं.

"बहुतेक," त्या म्हणाल्या. "आता ते धरून बसायचं नाही. हे वाचवायचंय."

गोड बंद. भात वाटीभर. भाकरी, पालेभाजी, डाळ, जेवल्यावर चालायचं, बोट टोचून साखर बघायची. तरी वाढली तर इन्सुलिनची सुई. नवऱ्यानं येतानाच साखर बघायचं यंत्र घेतलं. घनसावंगीला जीपमधून उतरताना आत्याबाई म्हणाल्या, "सातवा लागायला आठ दिस हायेत. गल्लीला काय सांगायचं?"

आता गं बया! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सांगायचं तर काय? सुनेला साखर आहे म्हटलं की गावभर झालं असतं. साखर म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार, सव्वीस-सत्तावीसच्या बाईला झाला म्हणजे खोड घरातच आहे, असं बोलणारे होतेच. न जावं तर अपमान. जावं आणि उष्टं टाकावं तर अपशकुन. आत्याबाईंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी फर्मान काढलं, "तू माझ्या डाव्या अंगाला चिकटून बस. बाकीचं मी बघते."

आणि त्यांनी बघितलंच. पहिल्याच घरी यजमानीण तूप आणायला आत वळली, तशी माझ्या ताटातली पुरणपोळी आत्याबाईंच्या ताटात गेली. मी डोळे फाडून बघतेय तोवर तिचा निम्मा भाग पोटात गेलाही होता. खीर त्यांनी वाटीच बदलून प्यायली. माझी रिकामी वाटी बघून यजमानीण खूश, आग्रह करून पुन्हा वाढायची, आणि तीही आत्याबाईंच्या पोटात. मी आपली भाकरी, मेथी, वरण खात बसायची. घरी येऊन दोन तासांनी बोट टोचलं की आकडा बराबर आलेला. "बघितलं का!" आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या. "शिकलेल्या बायांना जमलं नसतं."

खरं सांगते, त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या दुपारी होत्या. घरी येताना आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. एकदा तर त्यांनी शिरा घाईत तोंडात टाकला आणि तो इतका गरम की डोळ्यांतून पाणी. यजमानीण विचारतेय, काय झालं हो? आत्याबाई म्हणतात, "सुनेचं कौतुक बघून भरून आलं." सासू-सुनेत एवढी गट्टी होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आज ती गल्ली आठवली की मला आधी ते हसू आठवतं, मग बाकीचं.

एकट्या खालाला फसवता आलं नाही. तिनं ताट वाढायच्या आधीच माझ्या हनुवटीला हात लावून विचारलं, "क्या खाने का दिल है तेरे कू? सच्ची बोल." इतक्या घरांत हे विचारणारी ती पहिली. मला रडूच आलं, मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अरे, मेरे कू भी है शक्कर! इस में रोने का क्या?" आणि तिनं जर्दा उचलून ठेवला, ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढली. त्या दिवशी आत्याबाईंना काही गिळावं लागलं नाही.

सहा घरं झाली. आत्याबाई दिवसभर पाणी पिऊ लागल्या. तळपाय जळतात म्हणून ओल्या फडक्यावर पाय ठेवून बसायच्या. मी बघत होते, पण माझ्या डोक्यात माझं लेकरू, माझे आकडे. सातव्या घरी त्या माझ्या वाटणीच्या दोन पुरणपोळ्या संपवून उठल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. डोळे फिरले. त्यांना धरून घरी आणलं, आणि काय सुचलं कोण जाणे, मी माझं यंत्र काढून त्यांचं बोट टोचलं. चारशे बारा.

मी अशी ओरडले की सासरे अंगणातून धावत आले. "मरायचंय का तुम्हाला? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, रक्त द्या म्हणून? कुणासाठी चाललंय हे? चार बायकांना बरं वाटावं म्हणून?" पोटातलं लेकरू माझ्या ओरडण्यानं हललं, एवढी मी संतापले होते.

त्यांना तसंच जालन्याला नेलं. दोन दिवस बाटल्या लावल्या, गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पलंगावर पडल्या पडल्या त्या मला म्हणाल्या, "बायकांसाठी न्हाई गं. ताटासाठी."

आणि मग सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. आठव्या महिन्यात एका घरी जेवायला गेल्या होत्या. त्या दिवशी जीव नकोनको झाला होता, पुरणपोळी अर्धीच गेली, अर्धी ताटात ठेवून उठल्या. पुढच्या महिन्यात मुलगी झाली, थोर, भरल्या अंगाची, आणि मेलेली. त्यांच्या सासूनं सगळ्या भावकीसमोर सांगितलं, हिनं ताट टाकलं, लेकरू खाल्लं. "चाळीस वर्सं झाली," आत्याबाई म्हणाल्या. "तुझं पहिलं गेलं, तवा वाटलं, माझंच पाप तुझ्या वाट्याला आलं. मंग ठरवलं, ह्या खेपेला तुझ्या ताटात शीत राहू द्यायचं न्हाई. मी मेले तरी."

मला त्यांचा राग आला होता, आणि तेवढीच माया दाटून आली होती. मी त्यांचे पाय दाबत बसले.

आठव्या घरचं आमंत्रण आलेलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, आजारपणाचं निमित्त सांग, जाऊ नको. मी म्हटलं, जाते. एकटी गेले. शेजारपाजारच्या पाच-सहा जणी जमल्या होत्या. ताटात पुरणपोळी आली. मी भाकरी खाल्ली, भाजी खाल्ली, आमटी प्याले. पोळी तशीच ठेवली आणि हात धुवायला उठले.

"अगं बाई, ताट!" एकीच्या तोंडून निघालंच.

खोटं कशाला बोलू, आतून मलाही भीती वाटत होती. डॉक्टरीणबाईंचं सगळं समजलेलं असूनही वाटत होती. मी म्हटलं, "मला साखर आहे. ही पोळी खाल्ली तर माझ्या लेकराला बाधेल. पहिलं त्याच्यानंच गेलं. राग मानू नका." यजमानीणबाईंनी ताट उचललं आणि माझ्या ओटीत नारळ घातला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी भिंतीला डोकं टेकलं. तेव्हापासून त्या रोज तिन्ही वेळा माझं जेवण झालं की येऊन पोटावर हात ठेवायच्या आणि लेकरू हलेपर्यंत काढायच्या नाहीत. कधी पाव तास, कधी अर्धा. शेवटच्या महिन्यात मला सुई लागलीच, ती टोचायलाही त्याच शिकल्या. त्यांची गोळी आणि माझी सुई एकाच वेळी. पण रात्री त्यांना झोप नसायची, हे मला कूस बदलताना कळायचं. माझं लेकरू गेलं असतं तर ते टाकलेल्या पोळीनंच गेलं असं त्यांनी मरेपर्यंत मानलं असतं, आणि खरं सांगू, कदाचित मीही.

दिवस भरायच्या थोडं आधीच डॉक्टरीणबाईंनी दाखल करून घेतलं. मुलगी झाली. झाली ती ओरडतच. सहा पाऊंड का सात असं कुणी विचारलं तर नर्स म्हणाली, तीन किलो. आत्याबाईंचा चेहरा पडला. "एवढीशीच?" नर्सनं लेकराच्या टाचेला टोचून साखर बघितली, म्हणाली उत्तम आहे, लगेच अंगावर पाजा. आत्याबाई कनवटीची मधाची बाटली काढत होत्या, ती नर्सनं डोळे वटारून परत ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई वॉर्डात फिरायला आल्या. माझं बघून झालं, लेकराचं बघून झालं, त्या पुढच्या पलंगाकडं वळणार, तोच आत्याबाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडलेले. "म्याडम, एक इचारू का?"

"विचारा ना."

"मला बी एक झाल्ती. पहिली. लई थोर होती. एवढी." त्यांनी हातानं दाखवलं. "दिस भरलेले. गेलेलीच निघाली. ती बी... ह्याच्यानंच का?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मानेकडं बघितलं. त्या घाईच्या बाई, पण पलंगाच्या कडेवर बसल्या. "आता नक्की नाही सांगता येणार, आत्या. तेव्हा तपासलं नव्हतं. पण तुमची साखर, लेकराचं वजन, सगळं बघता तसंच असावं."

"मंग ताट टाकल्यानं न्हाई?"

"ताट टाकल्यानं कधीच होत नाही."

"अर्धी पोळी टाकली होती मी."

"उलट तेवढी तरी कमी खाल्लीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्याबाई खाली फरशीवर बसल्या आणि रडू लागल्या. असं रडणं मी त्यांचं आधी ऐकलं नव्हतं आणि नंतर त्या गेल्या तोवर कधी ऐकलं नाही. सगळा वॉर्ड बघत होता. माझं लेकरू माझ्या कुशीत दूध पीत होतं आणि माझी सासू चाळीस वर्षांपूर्वीच्या लेकराला हाक मारत होती, नावानं. त्या मुलीला नाव होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पोटात असतानाच त्यांनी ते ठेवलेलं होतं आणि एवढी वर्षं तोंडातून काढलं नव्हतं. सासरे डबा घेऊन दाराशी उभे होते. त्यांनीही ते नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.